बेळगावातील बंद पडलेल्या टेक्निकल हायस्कूलचा इतिहास: शाळा नेमकी कशामुळे बंद झाली?

वडगावची लेक

सर्वांना नमस्कार.

माझे वडील साठच्या दशकाच्या आरंभी बेळगावातील एका टेक्निकल हायस्कूलमध्ये शिकले. ती शाळा बंद होऊन बरीच वर्षे झाली. तिच्या जागेबद्दल सध्या वाद चालू असल्यामुळे नाव येथे लिहीत नाही. गेल्या वर्षी वडील वारले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाशी तीन वस्तू मिळाल्या: शाळा सोडल्याचा दाखला, घड्यांवर चिरत गेलेला ड्रॉइंगचा एक मोठा कागद आणि मुठीत मावेल असा लोखंडाचा चौकोनी ठोकळा, ज्याच्या एका बाजूवर १७ हा आकडा ठोकलेला आहे. वडिलांनी पुढे उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, टर्नर (लेथवर काम करणारा कारागीर) म्हणून आयुष्य काढले, पण हा ठोकळा त्यांनी आम्हाला कधी दाखवला नव्हता.

त्यांचे आठ-दहा वर्गमित्र अजून दिवाळीनंतर एकत्र जमतात. सर्वांची पंचाहत्तरी उलटली आहे आणि शाळेविषयी एक छोटी पुस्तिका काढावी अशी त्यांची इच्छा आहे. लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. शाळा का बंद पडली, या प्रश्नावर त्यांचे उत्तर एकच असते: १९५६ साली बेळगाव म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेले आणि शाळा संपली. मला ते पटत नाही, कारण हे सारे स्वतः १९५६ नंतर तेथे शिकले आणि त्यांच्यानंतरही अनेक तुकड्या बाहेर पडल्या. शाळेची यंत्रे किलोच्या भावाने भंगारात गेली तो दिवस मला स्वतःला आठवतो. मी तेव्हा हायस्कूलमध्ये होते आणि वडील फाटकाबाहेर सायकल धरून बराच वेळ उभे होते.

अशा शाळा आपल्या भागात कोणत्या विचाराने निघाल्या, तेथे प्रत्यक्ष काय शिकवत आणि त्या बंद का झाल्या, हे जाणकारांनी सांगावे. जुनी कागदपत्रे कोठे शोधावीत, हेही कळले तर फार उपकार होतील.


निवृत्त निदेशक

ताई, तुमच्या पेटीतला ठोकळा न पाहताच ओळखला. मी स्वतः बेळगावात अशाच एका शाळेत शिकलो आणि नंतर सीमेपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातील एका तांत्रिक विद्यालयात वर्कशॉपचा निदेशक, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणारा शिक्षक, म्हणून निवृत्त झालो. आठवीत आलेल्या मुलाला फिटिंगच्या, म्हणजे जोडारीच्या विभागात सुरुवातीला मिळणारा जॉब हाच असे. लोखंडी गजाचा तुकडा हॅकसॉने कापायचा आणि कानशीने घासून त्याच्या सहाही बाजू सपाट व एकमेकींशी काटकोनात आणायच्या. १७ हा वडिलांचा हजेरीपटावरील क्रमांक असणार. वीस मुलांचे ठोकळे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाने आपला क्रमांक पंचाने ठोकून घ्यायचा, असा नियम होता.

हे काम ऐकायला जितके सोपे वाटते तितकेच करायला अवघड आहे. जॉब घट्ट पकडून ठेवणारा व्हाइस मुलाच्या कोपराच्या उंचीला यावा लागतो, म्हणून तेरा वर्षांच्या बुटक्या मुलांच्या पायांखाली लाकडी फळी ठेवत. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा आणि मागे घेताना सोडायचा, शिवाय ती सरळ रेषेत राहिली पाहिजे. ही गोष्ट हाताला कळेपर्यंत पृष्ठभाग मध्ये फुगीर आणि कडांना उतरता होत राहतो. मग काटकोन तपासायचा गुण्या लावून ठोकळा खिडकीकडे धरायचा. गुण्याच्या पात्याखालून उजेडाची बारीकशी रेघ दिसली, तर ती बाजू नापास. आमचे निदेशक रागावत नसत. ते मागे येऊन उभे राहत आणि "उजेड दिसालाय बघ, परत घास" एवढेच बोलून पुढच्या मुलाकडे जात. एक बाजू दुरुस्त करताना दुसरीचा काटकोन बिघडे आणि ठोकळा मापापेक्षा लहान होत जाई. तो टाकून नवा तुकडा मागताना जी लाज वाटे, ती मला आजही आठवते.

अभ्यासाचे स्वरूप सांगायचे तर भाषा, गणित आणि विज्ञान इतर हायस्कुलांप्रमाणेच असत. त्यांच्या जोडीला वर्कशॉप टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि यंत्र व वीज यांची मूलतत्त्वे असे विषय होते. वर्कशॉपमध्ये सुतारकाम, लोहारकाम, पत्राकाम आणि जोडारी अशा विभागांतून आळीपाळीने फिरावे लागे आणि वरच्या वर्गात कातारकाम, म्हणजे लेथ, मिळे. आमच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नव्हती. एका मोटरवर छताखालचा लांब शाफ्ट फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना ठरावीक अंतराने टप् असा आवाज होई आणि त्याच्यावरूनच निदेशकांना कोणाचा लेथ चालू आहे आणि कोणाचा थांबला आहे ते पाठ फिरवूनही कळे.

भाषेविषयीही लिहा. वर्गात मराठी, पण वर्कशॉपमध्ये मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी मुले एकाच बाकावर काम करत आणि "चक सैल कर", "टूल बदल" हे सर्वांना सारखेच समजे. बोलण्यातले माप 'सूत' होते, आठ सूत म्हणजे एक इंच. मेट्रिक पद्धत आल्यानंतरही ते गेले नाही. उद्यमबागेतील जुना माणूस आजही "दोन सूत कमी कर" असेच म्हणतो.


दप्तरशोधक

आपला संशय रास्त आहे, ताई. १९५६ ही तारीख सीमाभागातल्या मराठी माणसाच्या मनात इतकी खोल रुतलेली आहे की जे जे मोडले ते तेव्हाच मोडले असे आपल्याला वाटते. मी स्वतः त्या दुःखाच्या बाहेर नाही. तरीही इतिहास लिहिताना एक कसोटी लावून पाहावी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका वगळला गेला आणि तो मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात राहिला. केवळ राज्य बदलल्याने टेक्निकल हायस्कुले संपली असती, तर सीमेपलीकडे त्या भरभराटीला आल्या असत्या. तसे झाले नाही. तिकडेही तांत्रिक विद्यालयांचे स्वतंत्र अस्तित्व हळूहळू गेले, कित्येक ठिकाणी ती शेजारच्या हायस्कुलांतील मुलांना एखादा तांत्रिक विषय शिकवणारी केंद्रे होऊन राहिली. निदेशक साहेबांनी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, ते याला दुजोरा देतील. म्हणजे दोन्ही राज्यांत जे समान घडले त्यात कारण शोधले पाहिजे.

हायस्कुलातच हाताचे काम शिकवावे, हा विचार जुना आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शाळांत दोन वाटा सुचवल्या होत्या: एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यवहारोपयोगी. दुसऱ्या वाटेने फारसे कोणी गेले नाही, कारण नोकरी पहिल्या वाटेच्या टोकाला होती. १९३७ च्या ॲबट-वुड अहवालाने व्यवसायशिक्षणाची वेगळी शिडी मांडली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या मॅट्रिकपासून सुटून स्वतंत्र मंडळाकडे आली आणि १९४९ मध्ये पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. हा बदल आपल्या विषयासाठी फार मोलाचा होता, कारण विद्यापीठाला ज्यांच्याशी कर्तव्य नव्हते असे विषय आता शालान्त परीक्षेत मानाने बसू शकले. त्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. शेती, वाणिज्य, ललितकला, गृहशास्त्र यांच्या बरोबरीने तांत्रिक शाखा त्यात होती. आपल्या वडिलांच्या शाळेचे दिवस या आशेच्या काळातले आहेत.

आता उतरणीकडे येऊ. पहिला आघात दिसायला उपकारक होता. १९५० पासून केंद्र सरकारच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली आय. टी. आय. निघू लागल्या, १९५६ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. कारखान्याच्या दारात आता एका विशिष्ट व्यवसायाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. टेक्निकल हायस्कूलचा मुलगा चार विभागांतून फिरून आलेला होता. त्याच्या हाताला सर्व कळत होते, पण कागदावर तो ना फिटर होता ना टर्नर. अर्थात त्याला पॉलिटेक्निकची वाट होती, आणि ड्रॉइंग आधीच हातात असल्यामुळे तेथे तो इतरांच्या पुढे असे. परंतु त्यामुळेच ही शाळा व्यवसायाची शाळा न राहता डिप्लोमाची पायरी बनली, आणि डिप्लोमाला साध्या हायस्कुलातूनही जाता येते हे पालकांनी लवकरच ओळखले.

दुसरा आणि माझ्या मते निर्णायक आघात १९६४-६६ च्या कोठारी आयोगाच्या मांडणीतून आला. पहिली दहा वर्षे सर्वांना समान शिक्षण द्यावे, हाताच्या कामासाठी 'कार्यानुभव' हा विषय ठेवावा आणि व्यवसायाची निवड दहावीनंतर करावी, असा तो विचार होता. तेराव्या वर्षी मुलाच्या कपाळावर कामगाराचा शिक्का मारू नये, ही त्यामागची न्यायबुद्धी मी मानतो. पण परिणाम काय झाला? महाराष्ट्रात १९७५ मध्ये दहावीची पहिली एस. एस. सी. झाली आणि अकरावीचे शालान्त वर्ष गेले. कर्नाटकातही शालान्त परीक्षा दहावीचीच स्थिरावली. चार वर्षांत बसवलेले वर्कशॉप तीन वर्षांत कोंबावे लागले आणि बाकीच्या विषयांचा भार मात्र वाढला. कार्यानुभवाच्या तासाला बहुतेक शाळांत खडू, मेणबत्त्या आणि कागदी फुले होऊ लागली. व्यवसायशिक्षण अकरावी-बारावीकडे सरकले. कर्नाटकात पी. यू. च्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, पातळीवर जे. ओ. सी. (जॉब ओरिएंटेड कोर्सेस), महाराष्ट्रात एम. सी. व्ही. सी. (मिनिमम कॉम्पिटन्सी व्होकेशनल कोर्सेस) अशी त्या अभ्यासक्रमांची नावे आपल्याला परिचित आहेत. टेक्निकल हायस्कूलच्या पायाखालचे वयच काढून घेतले गेले.

यापुढचे सर्व, म्हणजे निवृत्त निदेशकाच्या जागी नवा न नेमणे, कच्च्या मालाला पैसे नसणे, मोडलेला लेथ तसाच झाकून ठेवणे, या गोष्टी कोणत्याही एका आदेशाने घडल्या नाहीत. म्हणून पुस्तिकेत शाळा बंद होण्याची एकच तारीख शोधत बसू नका. शेवटची तुकडी कधी गेली, शेवटचा निदेशक कधी निवृत्त झाला आणि यंत्रे कधी विकली गेली, या तीन तारखा वेगवेगळ्या निघतील आणि त्यांच्यामधल्या अंतरातच शाळेची खरी हकीगत सापडेल.

१९५६ चा वाटा शून्य होता असे मात्र माझे म्हणणे नाही. ज्या राज्याने शाळा काढली ते राज्यच बदलले. परीक्षेचे मंडळ, पाठ्यपुस्तके आणि तपासणी अधिकारी यांची सारी व्यवस्था नव्याने लागली. मराठीतून तांत्रिक विषय शिकवणारा निदेशक निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी तसाच दुसरा मिळणे वर्षागणिक कठीण होत गेले. म्हणजे इथल्या शाळांना उतरण अधिक तीव्र लागली. परंतु ती उतरण केवळ आपल्याच वाट्याला आली, हे खरे नाही.


निवृत्त निदेशक

दुजोरा देतो. मी शिकवत होतो ती शाळा सीमेच्या 'योग्य' बाजूला असूनही माझ्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे आठवड्याला मोजकेच तास उरले होते आणि लोखंडाऐवजी फळ्यावरच जॉब काढून दाखवावा लागे.

दप्तरशोधक यांच्या लिखाणात एक भर घालतो. पालकांच्या मनाचा उल्लेख थोडक्यात झाला. मुलाच्या निळ्या डगल्याला तेलाचे डाग पडतात याची लाज आमच्या वडिलांच्या पिढीला नव्हती. आमच्या पिढीला ती वाटू लागली, आणि मी स्वतः माझ्या मुलाला अशा शाळेत घातले नाही. हे पुस्तिकेत यावे अशी माझी इच्छा आहे, कारण सरकारच्या धोरणाइतकेच तेही कारण आहे.


उद्यमबाग

मी ओतशाळेच्या, म्हणजे फाउंड्रीच्या धंद्यात आहे. इतिहासाचा अभ्यास नाही, पण एक मुद्दा राहतो आहे असे वाटले.

बेळगावात अशी शाळा निघणे हा अपघात नव्हता. गुर्लहोसूरला जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवत होते. डावलले गेल्यावर ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. १८८८ मध्ये सुरू झालेले सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर, हे सारे याच गावात घडले. नगरपालिकेला जागा हवी होती म्हणून त्यांना कारखाना हलवावा लागला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखाना गेला, पण लोखंडाला आकार देणारे हात गावात राहिले. आज उद्यमबागेत ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग यांचे जे जाळे आहे त्याच्या पहिल्या पिढीत टेक्निकल हायस्कूलचे बरेच विद्यार्थी होते. माझ्या वडिलांचे पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुना करणारे कारागीर, त्यांच्यापैकीच एक.

त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगतो. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. शिवाय तो वाळूतून निघताना साचा ढासळू नये म्हणून त्याच्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो. आमच्याकडे डिप्लोमा झालेली मुले येतात, त्यांना हे पुस्तकातून ठाऊक असते. त्या पॅटर्नमेकरांना ड्रॉइंगचा कागद समोर ठेवला की तो उलटा होऊन वाळूत कसा बसेल ते दिसत असे, कारण ड्रॉइंग, सुतारकाम आणि ओतकाम त्यांनी एकाच वयात, एकाच छपराखाली शिकले होते. आता ड्रॉइंग वाचणारा एक माणूस लागतो, पॅटर्न करणारा दुसरा आणि साचा भरणारा तिसरा, आणि चूक तिघांच्या मध्ये राहते. आपल्या पुस्तिकेत वर्गमित्रांपैकी प्रत्येकाने पुढे काय काम केले, याची नोंद अवश्य करावी.


वडगावची लेक

आपण सर्वांनी इतके मन लावून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. वर्गमित्रांपैकी दोघा काकांना हे सारे वाचून दाखवले. १९५६ विषयी एक काका अजून ठाम आहेत, पण दुसरे बराच वेळ गप्प बसून म्हणाले की आमच्या मागच्या तुकडीत मुले कमी होती, हे मला तेव्हाच दिसले होते.

दोन शंका आहेत. दाखल्यावरून आणि ड्रॉइंगवरून आणखी काय कळू शकेल? ड्रॉइंगमधील मापे इंचांत आहेत, त्यावरून त्याचा काळ ठरवता येईल का?


दप्तरशोधक

दाखल्यावर एक क्रमांक असतो तो जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेतील सर्व विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदवहीचा. शाळा बंद झाली किंवा दुसरीत विलीन झाली तरी जनरल रजिस्टर नष्ट करायचे नसते. ते मूळ संस्थेकडे, विलीन झालेल्या शाळेकडे किंवा क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे बी. ई. ओ. यांच्या कार्यालयात असण्याची शक्यता अधिक. तेथे न मिळाल्यास जिल्ह्याच्या उपसंचालकांकडे लेखी अर्ज करावा. बेळगाव आणि चिकोडी हे दोन स्वतंत्र शैक्षणिक जिल्हे आहेत, आपल्या शहराचे काम बेळगावकडे येते. अर्जात वडिलांचा जनरल रजिस्टर क्रमांक लिहिला तर कारकुनाला शोधणे सोपे जाते. शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र हाती लागल्यास त्याच्या शिरोभागी कोणत्या मंडळाचे नाव आहे ते पाहा. शाळा कोणत्या व्यवस्थेत कधी गेली याचा तो सर्वांत भक्कम पुरावा असेल. १९५६ पूर्वीचे मंजुरीचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शिक्षण खात्याच्या दप्तरात शोधावेत.

त्याहून तातडीचे काम म्हणजे काकांच्या मुलाखती. "शाळा कशी होती?" असे विचारू नका, त्याने फक्त गौरव मिळतो. वर्कशॉपचा नकाशा त्यांच्याकडून काढून घ्या: दार कोठे, भाता कोठे, लेथ किती, खिडक्या कोणत्या बाजूला. टेक्निकलचे विद्यार्थी आहेत, पेन्सिल हातात दिली की ते आपोआप बोलू लागतील.


निवृत्त निदेशक

इंचांवरून काळ काढताना सावध राहा. मापे व वजने यांचा कायदा १९५६ चा आणि मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, हे खरे. पण शाळेतील पट्ट्या, मायक्रोमीटर आणि लेथचे स्क्रू इंचांचेच होते आणि ते एका दिवसात बदलणारे नव्हते. ड्रॉइंगवर इंच आहेत एवढ्यावरून ते १९५८ पूर्वीचे ठरत नाही. त्याऐवजी कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील चौकट पाहा. तेथे नाव, इयत्ता, तारीख, प्रमाण आणि निदेशकांची सही असते. घडीत पुसली गेली असेल तर कागद तिरप्या उजेडात धरा, कडक पेन्सिलीची खूण कागदात दबलेली राहते.

आणि ठोकळा एकदा व्हर्निअरने मोजून येथे कळवावा, एवढी विनंती.


वडगावची लेक

चौकट तिरप्या उजेडात वाचता आली. वडिलांचे नाव, इयत्ता नववी आणि एक आडवी सही आहे. तारखेतला दिवस आणि महिना स्पष्ट आहे, साल घडीत गेले आहे. सही कोणाची ते काकांनी पाहताक्षणी सांगितले.

ठोकळा शेजारच्या वर्कशॉपमध्ये नेऊन मोजला. एका बाजूने २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच, दुसऱ्या बाजूने २५.४ आणि तिसऱ्या बाजूने २५.१ आले. गुण्या लावून खिडकीकडे धरला, तेव्हा पात्याखालून उजेड दिसला नाही.


निवृत्त निदेशक

तिसऱ्या बाजूला त्यांना परत घासायला सांगितले होते, ताई.